सकाळचा पहिला धूर

आमच्या अंगणात सकाळी दहाच्या आत फोडणी द्यायला बंदी होती. ही बंदी माझ्या सासूनं घातली नव्हती. ती घातली होती भाडेकरूनं. अंगणाच्या रस्त्याकडच्या बाजूला माझी पत्र्याची शेड होती, ती त्यानं गॅरेजसाठी घेतली होती. पहिल्याच आठवड्यात तो हात पुसत आला आणि उंबऱ्यापासून चार हात लांब उभा राहून म्हणाला, "मावशी, लसणाची फोडणी तेवढी दहाच्या पुढं देत जावा. मला गाड्यांचा वास लागत न्हाई."

मी म्हणाले, "माझं घर, माझी चूल. तुझ्या गाड्या मला विचारून धूर सोडत्यात का?"

तो भांडला नाही. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम सात वाजता आमटीला फोडणी दिली. त्यानं सगळी हत्यारं पेटीत ठेवली आणि दहा वाजेपर्यंत रस्त्याकडं तोंड करून बसून राहिला. तीन ड्रायव्हर खोळंबले होते. मीच त्यांची हवा सोडल्यासारखे ते माझ्या दाराकडं बघत होते. चार दिवस हे असंच चाललं. पाचव्या दिवशी मी फोडणी पुढं ढकलली.

शिरूरहून न्हावऱ्यावरनं चौफुल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर. नव्वदच्या पुढची सालं होती. आमचे मालक वारले होते, मूलबाळ नव्हतं. जमीन सामाईक होती. सातबाऱ्यावर माझ्या जोडीला धाकट्या दिराचं नाव होतं. त्याला सगळे आप्पा म्हणायचे. आप्पाला हा भाडेकरू पहिल्यापासून नको होता. का नको ते त्यानं तोंडानं सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. हा भाडेकरू, मिस्त्री, बौद्ध होता. दौंडच्या एका गॅरेजात पंधरा वर्षं डिझेल इंजिनं दुरुस्त करून इकडं आला होता. आप्पा म्हणाला, "वहिनी, दुसरं कोण मिळंना का?" मी म्हणाले, शेड माझ्या दारात आहे, कटकट झाली तर मला होईल. आणि दिली. ह्यात माझा मोठेपणा काही नव्हता. शेड रिकामी पडली होती.

खोटं कशाला सांगू, पहिली दोन वर्षं मी त्याचा कप वेगळा ठेवला होता. कान तुटलेला, निळ्या फुलांचा. तो बाहेर कोनाड्यात पालथा असायचा आणि मी तो राखेनं घासायची. वयानं मिस्त्री माझ्याएवढाच, तरी मी त्याला अरे-तुरे करायची आणि तो मला अहो-जाहो. तेव्हा तसंच होतं.

चहा हातात घेतला की तो आधी कप नाकापाशी न्यायचा, मग प्यायचा. दूध जरा लागलं असलं तरी कप तसाच परत ठेवायचा. एके दिवशी तो निळा कप माझ्या हातून फुटला. मी घरातल्या कपात चहा दिला. त्यानं नेहमीसारखा हुंगला आणि म्हणाला, "आज राखेचा वास न्हाई." एवढंच. चहा प्यायला, कप विसळून ठेवला आणि कामाला लागला. दोन वर्षं तो रोज ती राख हुंगत होता आणि बोलला नव्हता. मी पुन्हा वेगळा कप आणला नाही.

त्याची काम करायची रीत अशी. कुठलीही गाडी आली, की आधी तिनं रात्रभर अंगणात मुक्काम करायचा. मालक कितीही घाईत असो. डॉक्टर जशी सकाळची पहिली लघवी मागतो तसा मी सकाळचा पहिला धूर मागतो, असं तो सांगायचा. थंड गाडी चालू करताना जो पहिला धूर येतो तो खरं बोलतो, नंतर गाडी तापली की ती सगळ्यांसारखीच बोलते, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे पहाटे पाच-सहा गाड्या माझ्या दारात उभ्या आणि ड्रायव्हर ओट्यावर झोपलेले. हंगामात उसाचे ट्रक असले तर अंगणात पाय ठेवायला जागा नसायची.

उजाडलं की तो हातात पांढरं फडकं घेऊन यायचा. गाडी चालू करायला लावायची, फडकं ओलं करून सायलेन्सरच्या तोंडाशी धरायचं आणि मनात वीस मोजायचे. मग फडकं उजेडात बघायचं, काजळी बोटांत चोळायची आणि शेवटी डोळे मिटून वास घ्यायचा. काजळी कोरडी असली तर डिझेल जास्त जातंय किंवा हवा कमी मिळतेय. चिकट असली तर इंजिन तेल खातंय. कच्च्या डिझेलचा वास आला तर नोझल गळतंय. हे सगळं मला फुकट शिकायला मिळालं, कारण तो हे गाडीच्या मालकाला न सांगता स्वतःशी मोठ्यानं पुटपुटायचा आणि मी तिथंच झाडत असायची.

फडक्यांसाठी त्यानं माझ्याकडं जुनं कापड मागितलं. मी आमच्या मालकांची धोतरं काढून दिली. माणूस गेल्यावर धोतरांचं काय करायचं असतं? आमच्या मालकांना हयातीत कधी चारचाकीत बसायला मिळालं नाही, मेल्यावर त्यांचं धोतर शेकडो गाड्यांना लागलं.

नाकासाठी तो जपायचा तेवढं लोक डोळ्यांना जपत नाहीत. तंबाखू नाही, विडी नाही, वासाचं तेल नाही. कांदा-लसूण संध्याकाळच्या जेवणात. एका वऱ्हाडाची जीप आली होती, ड्रायव्हरनं कानात अत्तराचा बोळा घातलेला. मिस्त्रीनं त्याला विहिरीवर पाठवून दोनदा कान धुवायला लावले, तरी समाधान झालं नाही, तेव्हा म्हणाला, "तू रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभा ऱ्हा. गाडी हितंच राहू दे." मोबाइल आले तेव्हा एका ट्रकवाल्यानं हायवेवरून फोन केला, इंजिन रेज करून फोन सायलेन्सरजवळ धरला आणि विचारलं, काय झालंय सांगा. मिस्त्रीनं विचारलं, "तुझ्या फोनला नाक हाय का?" आणि फोन ठेवला. एक जानेवारीला तो पांढरा शर्ट घालून कोरेगाव भीमाला जायचा. वर्षातनं तेवढाच एक दिवस त्याची नखं स्वच्छ दिसायची. परत आला की तिथल्या गर्दीबद्दल बोलायच्या आधी, येताना कुठल्या गाडीचा पंप बिघडलेला दिसला ते सांगायचा.

आमचं जमलं ते धुरामुळंच. माझं माहेर दौंड तालुक्यातलं, राहूच्या बाजूचं. वडील गुऱ्हाळावर गुळव्या होते. चौथीनंतर शाळा सुटली आणि मी चुलवाणावर बसले. वर कढईत रस उकळत असतो आणि खाली भट्टीच्या तोंडाशी बसून वाळलेली चिपाडं आत सारायची, हे माझं काम. जाळ बरोबर लागलाय की नाही हे मला आत वाकून बघावं लागत नसे, धुराच्या वासावरून कळायचं. ओलं चिपाड गेलं तर वेगळा वास, जास्त कोंबलं तर वेगळा. हे मी एकदा मिस्त्रीला सांगितलं, तर तो हातातला पाना खाली ठेवून माझ्यापुढं बसला आणि तासभर चुलवाणाबद्दलच विचारत राहिला. माझ्या आयुष्यात मला कुणी इतकं विचारलं नव्हतं. लग्न ठरवायला आले तेव्हाही नाही.

दहा-बारा वर्षं अशी गेली. त्याची बायको लवकर गेली होती. एकच मुलगी, दौंडला तिच्या मामाकडं राहून नर्सिंग शिकत होती. दर रविवारी तो एसटीनं तिला भेटायला जायचा. बाकी सगळं आयुष्य त्या शेडमध्ये.

मग एका उन्हाळ्यात त्याला मोठा ताप आला. पंधरा दिवस पडून होता. उठला आणि पुन्हा कामाला लागला. फडकं तसंच धरायचा, डोळे तसेच मिटायचा. पण पुटपुटणं बंद झालं. मला वाटलं, अशक्तपणा असेल.

त्या हंगामात ऊसतोडणीच्या एका टोळीचा ट्रक आला. सकाळी निळा धूर. मिस्त्रीनं फडकं हुंगलं आणि सांगितलं की इंजिनाच्या रिंगा गेल्यात, इंजिन उघडावं लागेल. इंजिन उघडलं. रिंगा चांगल्या होत्या. सगळं पुन्हा जोडलं, तर धूर तसाच. शेवटी ड्रायव्हरनं स्वतः एअर फिल्टर खोलला. त्या जुन्या ट्रकच्या फिल्टरच्या तळाशी धूळ धरायला तेल भरलेलं असायचं. कुणीतरी ते खुणेच्या वर भरलं होतं आणि इंजिन तेच ओढून जाळत होतं. पेला उपडा करण्याएवढं काम. त्यापायी आठ दिवस टोळीची बायकामाणसं रस्त्याकडेला बिनकामाची बसून राहिली होती. जाताना ड्रायव्हर काही बोलला नाही, पण पुढं कारखान्यावर बोलला असणार. गाड्या कमी झाल्या.

मला हे पटलं नव्हतं. फिल्टरमधलं नवं तेल जळतं आणि इंजिनातलं जुनं तेल जळतं तेव्हा वासात फरक असतो, हे त्यानंच मला शिकवलं होतं. त्याला कसं कळलं नाही?

चार दिवसांनी चहाचं दूध माझ्या हातून करपलं. चांगलंच, सगळ्या घरात वास. मी ते ओतून देणार होते. मग थांबले आणि त्याच दुधाचा चहा करून त्याला नेऊन दिला. त्यानं कप नाकापाशी नेला, नेहमीएवढा वेळ धरला, आणि म्हणाला, "बरा हाय." मग सगळा प्यायला.

मी तिथंच उभी राहून विचारलं, "कवापासनं?"

त्यानं रिकामा कप माझ्या हातात दिला. मग म्हणाला, "तापापासनं."

शिरूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की आला तर येईल, नाही तर नाही. मी म्हणाले, मग बंद कर गॅरेज, लोकांच्या गाड्या कशाला उगीच उघडतोस. तो म्हणाला, मुलीचं शेवटचं वर्ष आहे, आणि पन्नाशीला आलेल्या माणसाला कोण कामाला ठेवतो. मी त्याची समजूत वगैरे काढली नाही. मला ते येत नाही. कप घेऊन घरात आले.

आप्पाच्या कानावर ट्रकची गोष्ट गेलीच होती. त्यानं त्याच्या आदल्या वर्षी नवी जीप घेतली होती, पांढरी. ती ओढेना झाली होती. कालव्याच्या चढावर धापा टाकायची, काळा धूर सोडायची. पुण्याच्या मोठ्या वर्कशॉपात त्याला सांगितलं होतं की इंजिन उतरवावं लागेल. एका संध्याकाळी त्यानं ती माझ्या अंगणात आणून लावली आणि ओट्यावर बसून सगळ्या ड्रायव्हरांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मिस्त्री, इंजिन हाय का दुसरं काय, उद्या सकाळी सांगायचं. बरोबर निघालं तर ऱ्हावा. चुकलं तर पाडव्याच्या आत शेड मोकळी करायची. वहिनी, जमीन माझीबी हाय, तुम्ही मधी बोलू नका."

मी मध्ये बोलले नाही. पण मला झोपही लागली नाही. आप्पाचा मिस्त्रीवरचा संशय काही चूक नव्हता, हेच मला जास्त टोचत होतं.

सकाळी आप्पा आला तेव्हा चार ड्रायव्हर कोंडाळं करून उभे होते. मिस्त्रीनं जीप चालू करायला लावली. फडकं धरलं, वीस मोजले. उजेडात बघितलं, चोळलं. नाकाशी नेलं. मी अंगण झाडत होते आणि त्याच्याकडं बघत होते. डोळे मिटलेले, चेहरा अगदी कोरा. मग त्यानं डोळे उघडले, सरळ माझ्याकडं चालत आला आणि फडकं पुढं केलं.

"मावशी, एवढं धुवायला टाका."

आजवर त्यानं एकही फडकं मला धुवायला दिलं नव्हतं. मी खराटा भिंतीला लावला आणि फडकं घेऊन आत गेले. दार लोटून घेतलं आणि वास घेतला. तेलाचा वास नव्हता. कच्च्या डिझेलचा नव्हता. काजळी कोरडी, पिठासारखी. आणि वास आंबूस, कोंदट. हा वास मला माहीत होता, पण गाडीचा नाही. एका पावसाळ्यानंतर वडिलांनी गुऱ्हाळ सुरू केलं तेव्हा चुलवाणाच्या धुराड्यात माती आणि घरटं अडकलं होतं. जाळ होता, चिपाड वाळलेलं होतं, तरी आग पेटेना. धूर बाहेर जायला वाट नव्हती म्हणून आतली आगच गुदमरत होती. तो वास हाच.

पुन्हा बाहेर आले. मिस्त्री पाण्याच्या हौदापाशी हात धूत होता. मी तिथं बादली भरायला गेले आणि त्याच्याकडं न बघता म्हणाले, "जाळ चांगला हाय. धुराडं बुजलंय."

त्यानं मान हलवली नाही. जीपपाशी गेला, सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला. धूर काळा होता पण त्याला जोर नव्हता. मग तो जीपखाली शिरला आणि इंजिनापासून मागं येणारा पाइप इंजिनाजवळच मोकळा केला. म्हणाला, आता रेज करा. जीप अशी ओरडली की माझ्या कोंबड्या उसात पळाल्या. इंजिनाला काही झालं नव्हतं. वाट मोकळी मिळाल्याबरोबर ते सुटलं.

ह्या नव्या गाड्यांना पाइपात मध्येच एक डबा होता. मिस्त्रीनंही तो पहिल्यांदाच काढला. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी. धूर त्यातून गाळून जावा म्हणून बसवलेली. त्यानं डबा सूर्याकडं धरला, आम्ही सगळ्यांनी एकेक करून बघितलं. एका छिद्रातूनही उजेड येत नव्हता. काजळीनं गच्च भरलेला. पण पुण्याहून नवा डबा मागवायचा तर महिना लागला असता.

"जाळून निघंल का?" त्यानं मला विचारलं. सगळ्यांसमोर, उघड.

मी म्हणाले, निघेल, पण जाळात नको, निखाऱ्यात. आणि वर पाणी मारायचं नाही, तडकेल. रस्त्यावर पुढं एक गुऱ्हाळ होतं. दिवसाची शेवटची कढई उतरल्यावर आम्ही तो डबा चुलवाणाच्या निखाऱ्यात ठेवला. तिथला गुळव्या कुरकुरत होता, गुळाला वास लागला तर तुमच्या नावानं विकीन म्हणाला. डबा लाल झाला तसा मी तो राखेत ओढायला लावला आणि रात्रभर तसाच निवू दिला. सकाळी मिस्त्रीनं तो उलटा करून लाकडानं हळूहळू ठोकला. ओंजळभर करडी भुकटी पडली. डबा पुन्हा सूर्याकडं धरला. उजेडाचे बारीक बारीक ठिपके, शेकडो.

जीप कालव्याचा चढ गाणं म्हटल्यासारखी चढून गेली. आप्पा परत आला तो खूश होता, आणि खूश झाल्याचा त्याला रागही आला होता. त्यानं विचारलं, हे झालंच कसं. मिस्त्री म्हणाला, "आप्पा, तुमची गाडी घर ते सोसायटी आन् सोसायटी ते घर. दोन किलोमीटर. ती कवा तापतच न्हाई, मग काजळी जळणार कशी? आठवड्यातनं एकदा तिला दौंडपातुर पळवा." ड्रायव्हर हसले. आप्पालाही हसावं लागलं. म्हणाला, "काय का असंना, नाक हाय बाबा तुझं."

इथं गप्प बसला असता तर सगळं मिटलं होतं. शेड राहिली, अब्रू राहिली. मी डोळ्यांनी त्याला खुणावलंसुद्धा.

"नाक माझं न्हाई," तो म्हणाला. "मावशींचं हाय. मला उन्हाळ्यापासनं वास येत न्हाई. त्या टोळीचा ट्रक मी अंदाजानं उघडला."

 आप्पा माझ्याकडं बघत होता, जणू मी त्याच्या जीपवर करणी केली होती. मग तो उठला, जीपमध्ये बसला आणि गेला. शेडबद्दल पुन्हा एक शब्द त्यानं काढला नाही. ज्या बाईला त्यानं मध्ये बोलू नका म्हणून सांगितलं होतं, तिच्याच नाकानं त्याची जीप चालू झाली होती. हे बाहेर कुठल्या तोंडानं सांगणार?

ड्रायव्हर गेल्यावर मी मिस्त्रीवर चिडले. काय गरज होती सांगायची? तो म्हणाला, "आज सांगितलं न्हाई तर उद्याच्या गाडीला काय सांगू?" 

काही लोक यायचे बंद झाले. बाईनं हुंगलेल्या गाडीवर त्यांचा भरवसा नव्हता. बाकीचे येत राहिले. पहाटे ओट्यावरून हाक यायची, मावशी, जरा धूर बघता का. मी फडकं हुंगायची आणि वास कसला ते सांगायची, पुढचं सगळं तो बघायचा. तो वास विचारायचा तो चुलवाणाच्या भाषेत, चिपाड ओलं आहे का, जास्त कोंबलंय का, वाट बुजलीय का. चार वर्षं असं चाललं. दहाच्या आत फोडणी मी आता स्वतःच देत नव्हते.

आप्पा खरोखर दर रविवारी जीप दौंडपर्यंत पळवायला लागला. मिस्त्रीही रविवारी दौंडलाच जायचा, तेव्हा आप्पा त्याला बरोबर न्यायचा. मागच्या सीटवर. एकदा पुढं बसवलं, पण तेव्हा मागं उसाचं बेणं भरलेलं होतं.

मुलीला दौंडच्या एका दवाखान्यात कायमची नोकरी लागली आणि ती त्याला घेऊन गेली. तिकडंच दोन वर्षांनी तो वारला. शेड आता आहे, भाडेकरू दुसरा आहे, तो यंत्र लावून गाडी तपासतो आणि त्याला फोडणीची हरकत नाही.

एक गोष्ट राहिली. वास गेल्यावरही तो दुसऱ्या कुणी चहा दिला, ड्रायव्हरनं, आप्पानं, हॉटेलवाल्यानं, की कप नाकाशी न्यायचा. पंचवीस वर्षांची सवय, आणि कुणाला कळू नये हाही हिशेब असेल. नंतर सगळ्यांना कळलं तरी तो ते करायचा. पण त्या जीपच्या दिवसानंतर मी दिलेला कप त्यानं कधी नाकाशी नेला नाही. हातात घ्यायचा आणि सरळ तोंडाला लावायचा. मला वाटतं, त्यामुळंच दूध लागलंय का हे मीच आधी बघायला लागले, आणि लागलं असलं तर ओतून देऊन दुसरं तापवायची.